मर्जीतली सही आणि टाकीतला वायू

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नोकरीतली वशिलेबाजी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर बढती येते, बदली येते, फार तर कुणाचा तरी दुखावलेला मान येतो. कचेरीच्या नोकरीत ते तेवढ्यावर थांबतही असेल. पण मुरगाव बंदरात जहाजातून उतरलेले पेट्रोल आणि डिझेल जिथे साठवले जाते, टँकरमध्ये भरले जाते, तिथे साहेबाची मर्जी थेट वर्क परमिटच्या, म्हणजे धोक्याचे काम सुरू करायच्या लेखी परवानगीच्या, कागदावर उतरते. हा विषय कामगार आणि व्यवस्थापन यांच्यातले घरगुती भांडण नाही, टाक्यांच्या आसपास राहणाऱ्या प्रत्येकाचा आहे. म्हणून हे पत्र.

तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाचे १०५ क्रमांकाचे मानक याच परमिट पद्धतीबद्दल आहे. इंधनाची टाकी साफ करायची तर आधी ती रिकामी करतात. मग तिला जोडलेली प्रत्येक लाइन ब्लाइंड, म्हणजे नळीचे तोंड बंद करणारी पोलादी तबकडी, लावून टाकीपासून वेगळी करावी लागते. नुसता व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही, कारण जुना व्हॉल्व्ह बंद दिसला तरी आतून गळू शकतो. मग मॅनहोल, म्हणजे माणूस आत उतरण्याचे तोंड, उघडून हवा खेळवायची आणि त्यानंतर गॅस टेस्ट. प्राणवायू १९.५ टक्क्यांच्या खाली असता कामा नये, ज्वलनशील वाफ आणि हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू हेही तपासायचे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड असते, ती तळाशी बसते. मॅनहोलच्या तोंडाशी वायू मोजणारा डिटेक्टर धरला तर आकडा छान येतो आणि माणूस आत उतरून खाली वाकला की चक्कर येऊन पडतो. म्हणून नळी सोडून वर, मध्ये आणि तळाशी अशा तीन ठिकाणी मोजायचे असते. शिवाय फावड्याने गाळ ढवळला की त्यात अडकलेली वाफ सुटते, त्यामुळे सकाळचा आकडा दुपारी चालत नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर आत जाण्यापूर्वी पुन्हा टेस्ट हवीच.

आता हा कागद कुणाच्या सहीने निघतो ते पाहा. परमिट देणारा अधिकारी आणि गॅस तपासणारा माणूस ही दोन्ही नावे अधिकृत यादीत असावी लागतात. ती यादी विभागप्रमुख करतो. परीक्षा, प्रात्यक्षिक आणि प्रत्यक्ष कामाची वर्षे पाहून नावे घातली तर प्रश्नच नाही. पण जिथे नाव घालणे ही बक्षिशी होते, तिथे डिटेक्टरची बम्प टेस्ट, म्हणजे तो वायूला प्रतिसाद देतो का याची चाचणी, कशी करतात हेही ज्याला धड ठाऊक नाही त्याची सही चालू लागते. अशा परमिटवरचा गॅस टेस्टचा रकाना जरा निरखून पाहावा. आठ, दहा, बारा, दोन, चार, सगळ्या वेळा ठोक. प्रत्येक ओळीत प्राणवायू २०.९, बाकी शून्य, शून्य. एकच पेन, एकाच बाजूला झुकलेले अक्षर, आणि बाहेर दिवसभर आषाढाचा पाऊस कोसळूनही कागदाला पाण्याचा एक थेंब लागलेला नाही. हा कागद टाकीपाशी गेलेलाच नसतो. तो कंट्रोल रूममध्ये बसून एका दमात भरलेला असतो.

पाळीतल्या ऑपरेटरला हे दिसत नाही असे नाही. तो बोलत नाही, कारण त्याची पाळी कोण लावतो, चवथीची रजा कोण देतो, दुप्पट दराचा ओव्हरटाइम कुणाच्या पदरात पडतो आणि वर्षाअखेरीस त्याचा गोपनीय अहवाल कोण लिहितो, या सगळ्याचे उत्तर एकच माणूस असते. भिंतीवर मोठे पोस्टर असते: ‘काम असुरक्षित वाटले तर थांबवा.’ थांबवणाऱ्याला पुढचे तीन महिने रात्रपाळी लागली की ते पोस्टर पुन्हा कुणी वाचत नाही.

शिफ्टच्या हस्तांतरात, म्हणजे एक पाळी दुसरीला काम सोपवते तेव्हा, हेच मौन असते, आणि तिथे ते अधिक धोक्याचे असते. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेलफलाटावर १६७ माणसे गेली. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता आणि त्या जागी नुसती झाकण-प्लेट बसवली होती. ही गोष्ट रात्रपाळीपर्यंत पोहोचली नाही. दुसरा पंप बंद पडल्यावर रात्रपाळीने हाच पंप सुरू केला. तिथे वशिलेबाजी होती असे मी म्हणत नाही. एक वाक्य एका पाळीतून दुसऱ्या पाळीत गेले नाही तर काय होते, एवढेच त्यातून घ्यायचे. आणि जिथे ‘साहेबाची माणसे’ आणि ‘बाकीचे’ असे दोन तट पडलेले असतात, तिथे पहिले थांबते ते हेच वाक्य. लॉगबुकात ‘सर्व ठीक’ लिहून माणूस बस पकडतो. समोरच्याला सांगावे, पंपापाशी नेऊन दाखवावे, एवढा जिव्हाळा उरलेला नसतो.

कंत्राटी कामगारांची स्थिती वेगळी लिहायला हवी. त्यांना मेमो मिळत नाही, चौकशी होत नाही. गेटपासचे नूतनीकरण होत नाही, बस्स. निविदा बदलली, नवा ठेकेदार आला की जुन्यांपैकी कुणाला ठेवायचे हे कागदावर ठेकेदार ठरवतो आणि प्रत्यक्षात कंपनीचा सुपरवायझर. मग बोट चेचले तरी तो माणूस आवारातल्या प्रथमोपचार खोलीत जात नाही, बाहेरच्या खासगी दवाखान्यात जातो, कारण गेटवर ‘अपघातमुक्त दिवस’ असा फलक आहे आणि तो आकडा शून्यावर आणणारा माणूस कुणाला नको असतो. ‘निअर मिस’ची, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांची, कार्डे मात्र महिन्याच्या हिशेबाने भरतात: पायरीवर पाणी सांडले होते, हेल्मेटचा पट्टा सैल होता. टँकर भरणाऱ्या लोडिंग आर्मचा सील गळतो, टाकी जास्त भरल्याचा इशारा देणारा ओव्हरफिल अलार्म बायपास करून निकामी केलेला आहे, अशी कार्डे येत नाहीत, कारण त्यांत कुणाचे तरी नाव येते.

अमेरिकेत टेक्सास सिटी येथील बीपी कंपनीच्या रिफायनरीत २३ मार्च २००५ रोजी स्फोट होऊन १५ जण दगावले. त्यानंतर अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांच्या समितीने २००७ साली दिलेल्या अहवालात नेमके हे दोन दोष आहेत. वैयक्तिक इजांचे घटते आकडे पाहून कंपनीने आपली प्रक्रियाच सुरक्षित आहे असा समज करून घेतला, आणि काही रिफायनऱ्यांत व्यवस्थापन व कामगार यांच्यात विश्वासाचे, मोकळे वातावरण नव्हते. समितीने विश्वास हा विषय मनुष्यबळ विभागाकडे ढकलला नाही, सुरक्षेच्या अहवालात घेतला.

वार्षिक मूल्यांकनाबद्दल एक गोष्ट अनेक कर्मचाऱ्यांना माहीत नसते. देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले की गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे, केवळ प्रतिकूल नोंद नव्हे. त्या खटल्यात नोंद ‘चांगले’ अशीच होती, पण बढतीला ‘अतिशय चांगले’ लागत होते. म्हणजे चांगला शेराही घात करू शकतो. हा निकाल सार्वजनिक क्षेत्रातल्या कंपन्यांनाही लागू आहे. तेव्हा स्वमूल्यांकन लिहिताना ‘जबाबदारीने काम केले’ असे लिहू नये. किती परमिटे दिली, किती टँकर भरले, किती बिघाड वेळेत काढले, हे आकडे लॉगबुकच्या तारखांसह लिहावेत. शेरा आला की सेवानियमांतली मुदत पाहून लेखी निवेदन द्यावे आणि पोच घ्यावी. तोंडी बोलणे झाले असेल तर त्याच दिवशी ‘आज आपण सांगितल्याप्रमाणे’ अशी ईमेल पाठवावी. पुढे चौकशी झालीच तर तीच कामाला येते.

कायदा काही मुका नाही. मर्जीतल्या एका गटाला गुणवत्ता न पाहता झुकते माप देणे आणि धोरणाच्या नावाखाली आकसाने बदली करणे, या दोन्ही गोष्टी १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात अनुचित कामगार प्रथा म्हणून नोंदलेल्या होत्या. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने ती यादी दुसऱ्या परिशिष्टात कायम ठेवली आहे. दंड १० हजार ते २ लाख रुपये. २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती सक्तीची आहे. तीत दोन्ही बाजूंचे सदस्य समान, एकूण दहापेक्षा जास्त नाहीत, आणि निर्णय ३० दिवसांत व्हावा अशी तरतूद आहे. केंद्र सरकारच्या कंपनीतल्या कामगाराने केंद्रीय कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे जायचे, खासगी कंपनीतल्याने बहुतेक वेळा राज्याच्या कामगार आयुक्तांकडे. चुकीच्या दारात अर्ज दिला की महिने जातात. महिलांचा लैंगिक छळ झाला तर त्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखालील अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करायची असते, हेही लक्षात असू द्यावे.

पण यात एक मोठे भगदाड आहे. सुपरवायझरच्या हुद्द्यावर महिना १८ हजारांहून जास्त पगार असला की तो संहितेच्या व्याख्येत ‘कामगार’ राहत नाही. म्हणजे परमिटवर सही करणारा कनिष्ठ अभियंता, ज्याच्यावर सर्वांत जास्त दबाव येतो, तोच या संरक्षणाच्या बाहेर. त्याला उरते ते कंपनीचे दक्षता खाते, सूचिबद्ध कंपनी असेल तर कंपनी कायद्याच्या कलम १७७ खालची तक्रार यंत्रणा, जिथून लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षापर्यंत थेट जाता येते, किंवा सार्वजनिक उपक्रम असेल तर तक्रारदाराला संरक्षण देणाऱ्या केंद्र सरकारच्या २००४ च्या ठरावाखाली केंद्रीय दक्षता आयोगाकडे नाव गुप्त राखून तक्रार. ती मात्र बंद लिफाफ्यात, वर ठरावाचा उल्लेख करून पाठवावी लागते.

गोव्यात बेतूलला तेल-वायू क्षेत्रासाठी सुरक्षेचे प्रशिक्षण देणारी मोठी संस्था आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथेच समुद्रात जीव वाचवण्याचे प्रशिक्षण देणारे केंद्र पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाले. इतकी सोय दाराशी असताना प्रशिक्षणाला कुणाला पाठवायचे हे बंद खोलीत ठरू नये. माझ्या मते प्रत्येक आस्थापनेने दर महिन्याला चार याद्या फलकावर लावाव्यात: कुणाला किती तास ओव्हरटाइम मिळाला, रात्रपाळ्या कशा वाटल्या, प्रशिक्षणाला कोण गेले, आणि परमिटवर सही करण्याचा अधिकार कुणाला, कोणत्या परीक्षेच्या आधारावर. यासाठी नवा कायदा लागत नाही.

आणि तपासणीला येणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला एक विनंती. आजचे बहुतेक मल्टिगॅस डिटेक्टर वेळेसह नोंद साठवतात. मागच्या तीन महिन्यांतली कोणतीही दहा परमिटे उचला, त्या दिवसांची डिटेक्टरमधली नोंद संगणकावर उतरवा आणि दोन्ही शेजारी ठेवा. कागदावर दोन वाजता टेस्ट झाली आहे आणि डिटेक्टर सकाळी नऊपासून चार्जरवर आहे, असे एक जरी परमिट सापडले, तरी सही करणाऱ्याला मेमो देण्याआधी त्याचे नाव यादीत कुणी घातले ते विचारा.

आपला,
तेल-वायू क्षेत्रातील एक सुरक्षा अधिकारी,
वास्को