छांदिष्टांचे फोटो पुरे, आता कृती छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी जोपासलेल्या जगावेगळ्या छंदांवर पानभर मजकूर होता. मी तो चहा गार होईपर्यंत वाचला आणि शेवटी चिडले. पाच-सहा माणसं, प्रत्येकाचा आपापल्या कपाटापुढे उभं राहून काढलेला फोटो, संग्रहात किती नग आहेत, घरचे आधी काय म्हणाले आणि आता काय म्हणतात, कोणता पुरस्कार मिळाला. खाली चौकटीत ‘छंदातून उत्पन्न कसे मिळवाल?’ पण हा माणूस मंगळवारी रात्री जेवणं झाल्यावर टेबलापाशी बसतो तेव्हा हाताने नेमकं करतो काय, याबद्दल अख्ख्या पानात एक ओळ नव्हती. वाचून ज्याला करून बघावंसं वाटलं असेल, त्याने सुरुवात कुठून करायची?

विणकाम, चित्रकला, बागकाम शिकायचं तर वर्ग असतात. नाहीतर घरात एखादी मावशी असतेच, टाका चुकला की हातातून सुई काढून घेणारी. जगावेगळ्या छंदाला मावशी नसते. तो पहिल्याच पायरीवर अडतो आणि तिथेच राहतो. ही पायरी वर्तमानपत्र छापू शकतं, म्हणून हे पत्र.

छापलेल्या मजकुराने काय होतं याचं मला फार आवडणारं उदाहरण मार्जोरी राइस यांचं आहे. अमेरिकेतल्या या गृहिणीचं गणित शाळेपुरतंच झालेलं. घरी येणाऱ्या एका विज्ञान मासिकात जुलै १९७५मध्ये मार्टिन गार्डनर यांच्या गणिती कोड्यांच्या सदरात एक प्रश्न आला होता : पाच बाजूंची कोणती फरशी घेतली तर एकच आकार पुन्हापुन्हा जोडून, फट न ठेवता, अख्खी जमीन भरता येते? सदरात प्रश्नाच्या अटी होत्या, तोवर माहीत असलेले प्रकार होते, आकृत्या होत्या. एका वाचकाने नवा प्रकार शोधून कळवला, तोही छापला गेला. तो वाचून राइसबाई कामाला लागल्या. गणिताची चिन्हं येत नव्हती म्हणून त्यांनी स्वतःची चिन्हं तयार केली. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर आकृत्या काढायच्या आणि कोणी आलं की झाकून ठेवायच्या! पुढच्या दोनेक वर्षांत त्यांनी चार नवे प्रकार शोधले. आज असे एकूण पंधरा प्रकार माहीत आहेत, त्यातले चार या ओट्यावरचे. त्या सदरात गार्डनर यांनी कोड्यांचा नाद असलेल्या एखाद्या अवलियाची मुलाखत छापली असती, तर राइसबाईंनी ती वाचून मासिक मिटलं असतं.

इतकं लांबही जायला नको. शाळेत गणित शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी १९४९मध्ये जी गंमत जाहीर केली, तिची कृती चार ओळींत मावते. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक मोठ्याकडून लहानाकडे लावा, मग लहानाकडून मोठ्याकडे लावा, मोठ्या संख्येतून छोटी वजा करा. उत्तरावर (तीन अंकी आलं तर आधी शून्य लावून) हेच पुन्हा करा. जास्तीत जास्त सात वेळा केलं की ६१७४ येतात आणि तिथेच राहतात. ३५२४ घेऊन पाहा : ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. हे वाचताना निम्म्या वाचकांनी पेन हातात घेतलं असेल, अशी माझी पैज आहे. तीन अंकी संख्येचं काय होतं ते मी मुद्दाम सांगत नाही.

आता माझा छंद. मी दिवसभर हिशेबाचं काम करते आणि रात्री भिंतीवरच्या मॉसमध्ये राहणारे टार्डिग्रेड बघते. मॉस म्हणजे आपण सरसकट ज्याला शेवाळ म्हणतो, त्यातला मखमलीच्या गादीसारखा प्रकार. त्यात आठ पायांचा, पायांना नख्या असलेला, साधारण अर्ध्या मिलिमीटरचा हा प्राणी राहतो. योहान गोत्झं या जर्मन धर्मोपदेशकाने १७७३मध्ये त्याचं वर्णन केलं आणि त्याला ‘पाण्यातलं छोटं अस्वल’ म्हटलं. अवकाशात जाऊन जिवंत परत आलेला प्राणी म्हणून तो अधूनमधून बातम्यांत झळकतो (२००७ची गोष्ट, ‘फोटॉन-एम३’ या यानातली), पण तो आपल्याच गच्चीच्या कठड्यावर असू शकतो आणि आज रात्री दिसू शकतो, हे त्या बातमीत नसतं. तर कृती अशी.

मॉस सतत ओल्या जागेचं घेऊ नये. उन्हाने वाळणारं आणि पावसाने भिजणारं असेल ते घ्यावं. नखाएवढा तुकडा पुरतो. तो उथळ काचेच्या बशीत उलटा, म्हणजे हिरवी बाजू खाली करून ठेवावा आणि बुडेल इतकं पाणी घालावं. पाणी पावसाचं असलं तर उत्तम. रात्रभर ठेवून सकाळी तुकडा पाण्यातच हलवावा, बोटांनी पिळावा आणि बाजूला काढावा. गाळ खाली बसू द्यावा. टार्डिग्रेडला पोहता येत नाही, म्हणून तो तळाशी गाळातच सापडतो. ड्रॉपर वरच्या स्वच्छ पाण्यात बुडवून काही उपयोग नाही. गाळाचा थेंब वीस ते चाळीस पट मोठं दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा.

आणि आता जे कुणी लिहीत नाही ते : प्रकाश खालून भसाभस सोडू नका. प्राणी जवळजवळ पारदर्शक असतो, झगझगीत उजेडात तो असूनही दिसत नाही. बशीखाली काळा कागद ठेवा आणि दिवा बाजूने मारा. शाळेतल्यासारखा स्लाइडचा सूक्ष्मदर्शक असेल तर खालची झडप बरीचशी बंद करा. मग गाळाच्या कणांत काहीतरी हळूहळू चालताना दिसतं. सुरळीसारखं वळवळत आपटणारं असेल तर तो सूत्रकृमी. डोक्याशी दोन चक्रं फिरल्यासारखी दिसली तर तो रोटिफर, आणि तोही तासभर बघण्याच्या लायकीचा आहे. पाय झाडत, काहीतरी पकडायला धडपडत असेल तर तो आपला. पायांच्या तीन जोड्या चालायला असतात, चौथी मागच्या टोकाला असते आणि तिने तो धरून ठेवतो. नशीब जोरावर असेल तर टाकलेली कात दिसते आणि तिच्या आत नीट रचलेली अंडी. काही जाती कात टाकतानाच तिच्यात अंडी घालतात.

खरी मजा पुढे आहे. तोच गाळ मॉसच्या चिमटीभर तुकड्यासह सावकाश वाळू द्यायचा. सावकाश म्हणजे झाकण किंचित उघडं ठेवून, एकदोन दिवस. प्राणी पाय आत घेतो, आक्रसतो आणि त्याचं एक बारीक पिंप होतं. अंगातलं जवळजवळ सगळं पाणी गेलेलं असतं. वाळवण कागदाच्या पुडीत ठेवायचं, वर तारीख घालायची, विसरून जायचं. मग एखाद्या संध्याकाळी पाण्याचा थेंब टाकून भिंगाखाली धरायचं. कधी काही मिनिटांत, कधी तासाभराने एक पाय बाहेर येतो. काही उठतच नाहीत. अंटार्क्टिकातून १९८३मध्ये आणलेलं मॉस उणे वीस अंशांत ठेवलेलं होतं. जपानी संशोधकांनी ते २०१४मध्ये वितळवलं, तेव्हा त्यातला टार्डिग्रेड जागा झाला आणि पुढे त्याने अंडीही घातली. माझ्या पुड्यांची झेप तिथवर नाही. पण अमुक तारखेची पुडी आज उघडायची आहे, हे मनात असलं की ऑफिसातली दुपार बरी जाते.

माझ्या दिरांचा छंद कुलपं उघडण्याचा आहे, किल्लीशिवाय. ऐकणारा आधी दोन पावलं मागे सरकतो, म्हणून नियम आधी सांगते : कुलूप स्वतःचं हवं आणि ते वापरातलं नको. हा छंद असणारी जगभरची मंडळी हे दोन नियम पाळतात. मोडीत निघालेलं किंवा मुद्दाम आणलेलं कुलूप टेबलावर शिकंज्यात पकडायचं आणि बसायचं. साध्या पिनांच्या कुलपात स्प्रिंगने खाली दाबलेल्या पिनांच्या जोड्या असतात. योग्य किल्ली प्रत्येक जोडीची फट बरोबर एका रेषेत आणते आणि मधला गोल भाग फिरतो. आता भोकं जर अगदी अचूक एका ओळीत पाडलेली असती, तर किल्लीशिवाय हे जमणं महाकठीण होतं. पण कोणताही कारखाना इतका अचूक नसतो. त्यामुळे त्या गोल भागावर फिरवण्याच्या दिशेने अगदी हलका ताण दिला की सगळ्या पिना एकदम अडकत नाहीत, एकच अडकते. ती शोधून उचलायची, बोटाला बारीकशी ‘टिक’ जाणवते, मग दुसरी अडकते. दीर म्हणतात, ताण देणारा हात जड झाला की सगळं संपलं, आणि नव्या माणसाचा हात नेहमी जडच असतो. त्यांना १८५१ सालचा अल्फ्रेड हॉब्स तोंडपाठ आहे. लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी या अमेरिकन कुलूपवाल्याने ब्रामा कंपनीचं, अनेक दशकं दुकानाच्या खिडकीत आव्हान म्हणून टांगलेलं कुलूप उघडलं. सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास लागले. आमच्या दिरांचा एखादा रविवार एका कुलपात जातो; जाऊबाईंना त्याचं काही वाटत नाही, घरात शांतता असते म्हणतात.

भाची फायसारम पाळते. हा पिवळा, चिकट, झाडाच्या मुळांसारखा पसरणारा जीव. बुरशीसारखा दिसतो पण बुरशी नाही. ताटलीभर पसरला तरी तो एकच पेशी असतो. ओला टिपकागद, अंधार आणि ओटचे दाणे एवढ्यावर तो तासाला एखादा सेंटिमीटर सरकतो. २०००मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्याला भूलभुलैयात सोडलं तेव्हा दोन टोकांना ठेवलेल्या खाऊमधली सर्वांत जवळची वाट तेवढी त्याने राखली. ताटलीत खरी बुरशी धरली की निरोगी तुकडा कापून नव्या कागदावर हलवायचा, हे ज्याला माहीत नाही त्याचा फायसारम आठवड्यात मरतो. बघा, पुन्हा कृतीच.

ऑफिसातले एक सहकारी शॉर्टवेव्हवर दूरची रेडिओ केंद्रं पकडतात आणि केंद्राला पत्र लिहून पोचपावतीचं कार्ड मागवतात. पत्रात वेळ, फ्रिक्वेन्सी आणि कार्यक्रमात नेमकं काय ऐकलं ते लिहावं लागतं, नुसतं ‘आपलं केंद्र ऐकलं, आवडलं’ लिहून कार्ड येत नाही.

कृती लपवण्याची परंपराही जुनी आहे. लेव्हेनहूक हा डेल्फ्टचा कापडव्यापारी. सूक्ष्मजीव पहिल्यांदा त्याने पाहिले, पण आपली सर्वोत्तम भिंगं कशी केली ते त्याने सांगितलं नाही. त्याच्या सर्वांत ताकदवान सूक्ष्मदर्शकांपैकी एक संशोधकांनी न उघडता न्यूट्रॉनच्या झोताने तपासला. २०२१मध्ये निष्कर्ष आला : आतलं भिंग म्हणजे काच वितळवून केलेला बारीक गोळा. तसा गोळा करण्याची रीत त्याच काळातले इंग्लिश शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी १६६५मध्येच छापलेली होती. लेव्हेनहूकवर माझा जीव आहे, पण या एका बाबतीत मी हूकच्या बाजूची.

उत्पन्नाच्या चौकटीबद्दल एवढंच सांगते की टार्डिग्रेडला गिऱ्हाईक नाही. ज्याला छंदातून पैसे मिळवायचे त्याने खुशाल मिळवावेत. पण ज्याला संध्याकाळचा एक तास कुणालाही हिशेब न देता घालवायचा आहे, अशा वाचकासाठी पुरवणीत काहीच नसतं, आणि तसे वाचक मला पुष्कळ भेटतात.

माझी सूचना अशी. पुरवणीत पंधरवड्याला तीनशे शब्दांची जागा द्यावी. लिहिणाऱ्याने स्वतः करत असलेलाच छंद लिहावा. काय लागतं, पहिल्या संध्याकाळी काय करायचं, नवा माणूस नेमका कुठे अडतो, आणि सोडून द्यावंसं वाटलं तर कुठवर थांबून पाहावं, एवढंच. छंदाने आयुष्य कसं बदललं ते नको. आकृती असेल तर ती मोठी छापावी, तिकीटाएवढी छापलेली आकृती चष्म्यानेही वाचता येत नाही. पुढच्या अंकात वाचकांच्या शंका आणि लेखकाची उत्तरं यावीत, कारण खरी कृती तिथेच पुरी होते.

मॉसचा मजकूर मी तयार ठेवला आहे, मागवलात तर लगेच पाठवते. कुलपाच्या आकृत्या दीर काढून देतील. त्यांची अट एकच : मजकूर छापून आल्यावर ‘आमच्या कपाटाची किल्ली हरवली आहे, जरा येता का’ असे फोन आले, तर ते आपल्या कार्यालयाने घ्यावेत.

कळावे,
आपली एक वाचक