मांडववाल्या मामांस, नेवाडातल्या सावलीबद्दल

आदरणीय मामा,

सा. न. वि. वि.

पत्र मुद्दाम उघडं लिहितोय. दर ऑगस्टमध्ये मुंबईहून बर्निंग मॅनला निघणारी नवी मंडळी आम्हाला एकच विचारतात, की तिथं सावली टिकते कशी? त्याचं उत्तर लालबागमधल्या तुमच्या गोदामातून आलंय. ते आमच्या नावावर खपायला नको.

जत्रा कसली, हे तुम्ही दोनदा विचारलंत आणि दोन्ही वेळा आम्ही अर्धवट सांगितलं. १९८६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या बेकर बीचवर लॅरी हार्वी आणि जेरी जेम्स यांनी एक लाकडी माणूस जाळला. १९९० पासून हा प्रकार नेवाडा राज्यातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात होतो. सप्टेंबरचा पहिला सोमवार हा तिकडचा कामगार दिन, त्याच्या आधीचा आठवडा. जागा म्हणजे आटलेल्या प्राचीन सरोवराचा तळ, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंच आणि परातीसारखा सपाट. त्यावर सत्तर-ऐंशी हजारांचं शहर वसतं. मधल्या पटांगणात शिल्पं असतात, शनिवारी रात्री लाकडी माणूस जळतो, रविवारी लाकडी देऊळ. झाड एकही नाही. विकत काय मिळतं, तर बर्फ. दुपारी पारा चाळिशीला टेकतो, रात्री गोधडी लागते. सावली हवी तर आपली आपण बांधायची आणि आठवड्याने पुसून न्यायची.

बांधताना चूक एकच होते. ती तुम्ही चार शब्दांत सांगितलीत: 'मांडव पडत नाही, उडतो.' नवखा माणूस खांब जाड घेतो, जणू वरून ओझं येणार आहे. ओझं येतच नाही, वारा खालून शिरतो. ३ बाय ६ मीटरची ताडपत्री ताशी ८० किलोमीटरच्या झोताला पूर्ण उघडी सापडली, तर तिच्यावर चारशे किलोच्या पुढे जोर येतो. वारा निम्मा झाला तर जोर निम्मा नाही, पाव होतो, म्हणजे शंभर-सव्वाशे किलो. म्हणून सकाळच्या झुळुकीत छान उभी राहिलेली सावली बघून कोणी निर्धास्त होऊ नये. त्या वाऱ्याने काहीच सिद्ध होत नाही.

जमिनीत धरायचं कसं, हे मात्र तिथलं तिथं शिकावं लागतं. तुमचे वाळूचे ड्रम विमानातून नेता येत नाहीत आणि तिथं खड्डा खणायचा नाही. वरचा थर भाजलेल्या मातीसारखा कडक असतो. जुने लोक लोखंडी सळ्या घणाने ठोकतात. सळी पक्की बसते, पण काढताना जीव घेते. आणि वर राहिलेलं टोक वाकवलं नाही किंवा झाकलं नाही, तर रात्री कुणाची तरी पोटरी फाडते. आम्ही लॅग स्क्रू वापरतो: ३/८ इंच जाड, १४ इंच लांब, डोक्याखाली रुंद वॉशर आणि साखळीच्या तीन कड्या. ९/१६ इंची सॉकेट लावलेल्या इम्पॅक्ट ड्रायव्हरने (ठोके देत स्क्रू फिरवणारं बॅटरीवरचं यंत्र) तो काही सेकंदांत डोक्यापर्यंत आत जातो, दोर कडीत ओवायचा. निघताना ड्रायव्हर उलटा फिरवला की झालं. सहा खांबांच्या सावलीला असे दहा लागतात. चार कोपऱ्यांना दोन-दोन, दोन दिशांना, आणि मधल्या दोन खांबांना एकेक. मोजून कमी करायचे असतील तर मधले करा, कोपऱ्याचे नकोत.

ताण, म्हणजे खांबाच्या डोक्यापासून जमिनीपर्यंतचा दोर, किती लांब न्यायचा, यावर तुमचा हिशेब जसाच्या तसा चालतो: जेवढी खांबाची उंची, तेवढं खांबापासून अंतर. सात फुटी खांब, तर लॅग सात फुटांवर. शेजारच्या तंबूला जागा हवी म्हणून दोर खांबाजवळ ओढला, की तो वर-खाली धरतो, आडवा धरत नाही. पहिला जोरदार झोत आला की सगळा सांगाडा एका अंगाला झोपतो.

कापडाचं म्हणाल तर ताडपत्री आम्ही सोडली. फ्लेक्सच्या बॅनरला तुम्ही अर्धचंद्राच्या खापा मारता, तोच विचार पुढे नेला की शेडनेट येतं. सत्तर-ऐंशी टक्के ऊन अडवणारी जाळी घ्यावी. ती ऊन खाते, वारा सोडते. शक्य तर ॲल्युमिनियमची झळाळी असलेली घ्यावी, हिरवी जाळी स्वतःच तापते. आणि कडेला सुतळी, खांबाला दोर, ही तुमची वाटणी फारच कामाची. वारा हाताबाहेर गेला तर सुतळी तुटावी, कापड मोकळं व्हावं, वासा शाबूत राहावा. सुतळीच्या जागी आम्ही गोळीवाले रबरी फास लावतो. उन्हाने त्यांचं रबर वाळतं, म्हणून दरवर्षी नवे.

एवढी एकच सूचना मोडली, सुतळी आणि काथ्याची. दोन्हींचे तंतू गळतात, आणि तिथं गळलेला तंतूसुद्धा कचरा. जत्रा उठल्यावर सरकारी भूखात्याची माणसं जमीन तपासतात. एका एकरात सगळा मिळून एक चौरस फूट कचरा, त्याहून जास्त सापडता कामा नये. प्लॅस्टिकच्या झिप टायची कापलेली शेपटं सगळ्यात वाईट. धुळीच्या रंगात मिसळतात आणि पायाला लागल्याशिवाय दिसत नाहीत. म्हणून झिप टाय नाही, गाठ.

गाठीबद्दल तर स्वतंत्र आभार. सुरगाठ कुठं आणि निरगाठ कुठं, हे ज्याला कळलं त्याला शेवटच्या दिवशी चाकू लागत नाही. खांबाच्या डोक्याशी निरगाठ, कारण तिथं पुन्हा हात लावायचा नाही. लॅगच्या कडीशी सुरगाठ, कारण तिथं रोज सकाळ-संध्याकाळ हात लावायचाच. नायलॉन ताणाखाली लांबतो, ओला झाला तर आणखी. काल वीणेच्या तारेसारखा वाजणारा दोर आज लोंबतो, आणि सैल दोर झटका खातो. मांडव झटक्याने मोडतो, ताणाने नाही. पॉलिएस्टरचा दोर कमी लांबतो, चार पैसे जास्त गेले तरी तोच घ्यावा. प्रत्येक ताणाला गुडघ्याच्या उंचीवर पांढरी चिंधी आणि एक छोटा दिवा. रात्री सायकली तिथूनच जातात.

२०२३ मध्ये मात्र पावसाने सगळे धडे उलटे केले. इंचभरही पडला नसेल, पण तळाची माती इतकी चिकट झाली की सायकलचं चाक फिरेना. गाड्यांना बंदी आली, दार बंद झालं, माणूस शनिवारऐवजी सोमवारी जळाला. ओल्या चिखलात लॅगची पकड ढिली होते. अशा वेळी ताण आवळायचा नाही, कापड उतरवून ठेवायचं. जाळी खाली, खांब उभे. हे तुमच्या जुलैतल्या कामावरून आधीच माहीत होतं. पाण्याचा हिशेब दर माणशी दिवसाला दीड गॅलन, म्हणजे पावणेसहा लिटर. त्यावर दोन दिवसांचं जास्तीचं का न्यायचं, ते त्या वर्षी कळलं.

नव्यांसाठी सामानाचं थोडक्यात. जाळी आणि दोर मुंबईहून न्या, जाळी अडीच किलोच्या आसपास भरते. पाइप, लॅग आणि ड्रायव्हर नेवाडातल्याच रीनो शहरात घ्या. इथला चार्जर तिथल्या १२० व्होल्टवर चालेलच असं नाही. धूळ अल्कधर्मी असते, टाचा चिरतात, पाय धुण्याच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घाला. उतरवताना आधी कापड, मग दोर, मग खांब, शेवटी लॅग. त्यानंतर सगळ्यांनी ओळीने उभं राहून, हातभर अंतर ठेवून, मान खाली घालून जागा चालायची. विसर्जनानंतर रस्त्यातले खड्डे बुजवल्याशिवाय तुम्ही टेम्पो हलू देत नाही, तेच हे.

२०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला आली आणि जत्रा २४ ऑगस्ट ते १ सप्टेंबर होती. ऐन तुमच्या हंगामात 'खांब हलतोय, काय करू' असे फोन आले, ते तुम्ही उचललेत. त्याबद्दल वेगळं काय लिहावं?

गोदामात डाव्या फळीवर चार रॅचेट पट्टे (दातेरी कळीने आवळायचे) ठेवलेत, कमानीच्या कामाला होतील. त्यांच्या दातांत तिथली पांढरी धूळ अजून आहे. आधी ब्रशने झाडा, मग व्हिनेगरच्या पाण्याने पुसा, वाळू द्या. तेल घालू नका, तेलावर धूळ बसून दात अडकतात. ग्रॅफाइटची पूड चालेल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
दरवर्षी जाणारी मंडळी