घाई करू न दिल्याबद्दल, ताई

प्रिय ताई,

समोर आभार मानले की तू विषय बदलतेस, म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

रक्ताची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे त्यात विरघळलेल्या कणांचं प्रमाण, किलोमागे सुमारे 290 मिलिऑस्मोल, आणि मूत्रपिंडाच्या मेड्युलात, म्हणजे आतल्या भागात, खोलवर ती 1200 पर्यंत चढते, हे परीक्षेसाठी सगळेच पाठ करतात. त्या खारटपणात तिथल्या पेशी जगतात कशा, हे मला तुझ्यामुळे कळलं. प्रयोगशाळेत तू अशा पेशींच्या दोन डिश शेजारी शेजारी ठेवल्यास. एकीत मीठ एकदम घातलेलं: पेशी आक्रसलेल्या, कडा सुटलेल्या, काही तर मीडियमवर, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवावर, तरंगत होत्या. दुसरीत तेवढंच मीठ, पण टप्प्याटप्प्यानं. पेशींचा थर शाबूत. "वेळ दिलास तर त्या आपली सोय करून घेतात," एवढंच म्हणालीस.

ती सोय मग फळ्यावर काढून दाखवलीस. पाणी बाहेर गेलं की पेशी आधी बाहेरचे क्षार आत ओढून आकार सावरते. हे काम मिनिटांचं. पण क्षार आत साठले की प्रथिनं बिघडतात, डीएनएसुद्धा तुटतो. म्हणून एनफॅट-5 हे प्रथिन केंद्रकात शिरून जनुकं जागी करतं. मग ग्लुकोजपासून सॉर्बिटॉल बनतं, बीटेन, टॉरीन, मायो-इनोसिटॉल बाहेरून आणलं जातं. पाणी धरून ठेवायचं आणि प्रथिनांच्या वाटेला जायचं नाही, असे हे गुणी रेणू. त्यांचा पुरेसा साठा व्हायला मात्र कित्येक तास, कधी दिवसही जातात. मीठ हळूहळू वाढवण्याचा तुझा हट्ट त्यासाठीच होता.

आणि युरियाचा कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी मिठाऐवजी युरिया घालून केलेला प्रयोग! खरं सांगू, तेव्हा मला तो फुकटचा व्याप वाटला होता. ऑस्मोमीटरवर आकडा मिठाइतकाच, पण युरिया पेशीपटलातून आत शिरतो, त्यामुळे पेशी आक्रसून राहत नाही आणि सॉर्बिटॉलही वाढत नाही. नुसत्या आकड्यावर विसंबायचं नाही, हे त्या एका कंट्रोलनं जितकं पटलं तितकं कुठल्याच व्याख्यानानं पटलं नसतं.

पेशी परत साध्या मीडियममध्ये आणल्या की साठवलेलं सॉर्बिटॉल भराभर बाहेर टाकतात, नाहीतर पाणी शिरून फुगतील. तो प्रयोगही तूच सुचवलास. त्याचे आलेख आता प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात आहेत. मसुदा पाठवतेय. लाल पेन तयार ठेव.

तुझी,
शेजारच्या बाकावरची