मनू, कॅलिब्रेशनच्या आधी डीगॅसिंग बघ

चि. मनूस अनेक आशीर्वाद,

काल फोनवर म्हणालीस की टायटेनियाचा, म्हणजे टायटेनियम डायऑक्साइडच्या पांढऱ्या पावडरचा, डबा तोच, मशीन तेच, तरी पावडर किती कार्बन डायऑक्साइड धरते याचं मे महिन्यातलं रीडिंग आणि आत्ताचं जुलैतलं रीडिंग जुळत नाहीये आणि सर म्हणतायत कॅलिब्रेशन करून घ्या. ते करा गं, पण त्याआधी मला डीगॅसिंगचं सांग, म्हणजे पृष्ठभागावरचं पाणी आणि गॅस काढायला सॅम्पल किती तापवलंस, किती वेळ आणि व्हॅक्यूम किती होता, तर तू म्हणालीस नेहमीसारखं. हे नेहमीसारखं वहीत कुणीच लिहीत नाही आणि मग सगळे मशीनकडे बघत बसतात. फोनवर नीट बोलणं होत नाही म्हणून लिहितोय.

बाटलीतल्या ऑक्साइडचा पृष्ठभाग कधीच मोकळा नसतो. वर नुसतं चिकटलेलं पाणी, त्याखाली धातूला पक्के जोडलेले ओएच गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी), आणि मॅग्नेशियम ऑक्साइडसारखं बेसिक काही असेल तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं कार्बोनेट होऊन बसलेलं. आपल्याकडे मेमधली दुपारची हवा कोरडी ठणठणीत आणि जुलैत गाद्यासुद्धा दमट लागतात, बाटली उघडून वजन करेपर्यंत पावडर पाणी ओढते. आता तू वजन डीगॅसिंगच्या आधी घेतलं असशील तर त्या ग्रॅममध्ये पाण्याचंही वजन आलं आणि दर ग्रॅमचा आकडा आपोआप कमी दिसणार. वजन नेहमी नंतरचं, ट्यूबसकट, हे मला तुझ्या वहीत हवंय.

आता तापमान. 100 ते 150 डिग्रीला व्हॅक्यूममध्ये ते सुटं पाणी जातं, ओएच मात्र तिथेच राहतात. अजून वर, 300-400 कडे गेलीस की शेजारशेजारचे दोन ओएच मिळून एक पाणी बाहेर पडतं आणि मागे एक उघडा धातूचा आयन आणि एक ऑक्सिजन उरतो. त्या आयनला आजूबाजूला जेवढे ऑक्सिजन हवेत तेवढे नसतात, म्हणून तो समोर आलेला रेणू घट्ट पकडतो. म्हणजे 150 ला तापवलेली आणि 400 ला तापवलेली पावडर ही गॅसच्या दृष्टीने दोन वेगळी सॅम्पल्स झाली. गॅमा ॲल्युमिना तर 800 ला नेली तरी थोडे ओएच धरून ठेवते. आणि पकडीचा प्रकारही बदलतो, ओएच असलेल्या जागी कार्बन डायऑक्साइड बायकार्बोनेट होऊन बसतो, उघड्या बेसिक ऑक्सिजनवर कार्बोनेट होऊन, आणि दोन्ही वेगवेगळ्या तापमानाला सुटतात.

तू म्हणालीस बीईटी एरिया, म्हणजे एका ग्रॅम पावडरच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ, तर दोन्ही वेळेला सारखाच आला. येणारच. ब्रुनॉर, एमेट आणि टेलर यांची 1938 ची पद्धत, 77 केल्विनला नायट्रोजन, आणि नायट्रोजन नुसता हलकेच बसतो, खाली ओएच आहे की उघडा आयन याचं त्याला फारसं देणंघेणं नसतं. एरिया जुळला म्हणजे पृष्ठभाग जुळला असं धरू नकोस.

व्हॅक्यूमचं दुसरं अंग लोक विसरतात. टायटेनिया चांगल्या व्हॅक्यूममध्ये जास्त तापवला की पाण्याबरोबर त्याचा स्वतःचा ऑक्सिजनही निघायला लागतो, टायटेनियम आयनवरचा अधिक चारचा भार अधिक तीन होतो आणि पावडर पांढरीची राखाडी-निळसर दिसते. ट्यूब उघडायच्या आधी काचेतूनच बघ, शेजारी ताज्या पावडरची बाटली धरून, म्हणजे बारीकसा फरकही कळेल. असं सॅम्पल ऑक्सिजन चांगला धरतं, जो एरवी ते फारसं घेत नाही. तुला हा परिणाम नको असेल तर शेवटी त्याच तापमानाला ऑक्सिजन सोड, ऑक्सिजनमध्येच थंड कर आणि मग पंप लाव. आणि तापमान उगाच चढवू नकोस, 600 च्या आसपास आणि पुढे टायटेनियाच्या ॲनाटेज या स्फटिकरूपाचं रुटाइल हे दुसरं रूप व्हायला लागतं, कण एकमेकांना चिकटतात आणि एरिया पडतो.

रॅम्प, म्हणजे तापमान चढवणं, सावकाश, मिनिटाला दोन-तीन डिग्री. गेजवर 100 च्या आसपास दाब चढताना दिसेल, तो खाली येईपर्यंत पुढे जायचं नाही, घाई केलीस तर वाफेने पावडर उडून थेट व्हॉल्व्हमध्ये जाते, वर ग्लासवूल लाव. शेवटी पंपाकडचा व्हॉल्व्ह बंद करून दाब बघ. एकाच वेगाने चढत राहिला तर लीक, हळूहळू मंदावत गेला तर सॅम्पलमधून अजून गॅस येतोय, अजून ठेव. ऑक्सिजनमध्ये थंड करत नसशील तर थंड होतानाही पंप चालूच हवा. लँगम्युअर, 1932 चं नोबेल ज्यांना मिळालं ते, पृष्ठभागाला किती गॅस लागला ते सांगणारं त्यांच्या नावाचं एकक आहे ना, टॉर या दाबाच्या एककाच्या दहा लाखाव्या भागाइतक्या दाबाला एक सेकंद. आदळलेला प्रत्येक रेणू चिकटला तर सपाट पृष्ठभागावर एवढ्यातच साधारण एक अख्खा थर बसतो. तुझ्या पावडरचा एरिया प्रचंड म्हणून तिला वेळ लागेल, पण ट्यूबच्या भिंतींवरचं पाणी शेवटी तिच्यावरच येऊन बसणार.

आता एकच कर. एकाच डब्यातले तीन भाग घे, 150, 300 आणि 400 ला तापव, वेळ आणि व्हॅक्यूम तिन्हींना सारखा ठेव आणि मग कार्बन डायऑक्साइड घाल. सरांना कॅलिब्रेशनच्या आधी हे तीन आकडे दाखव. रविवारी घरी येशील तेव्हा वही आण, आई म्हणतेय येताना डबेही परत आण. व्हॉल्व्ह बंद केल्यावर दाब किती आणि कसा चढला ते मात्र आजच व्हॉट्सॲप कर.

तुझा,
बाबा