समुद्र बंद, धरण चालू

प्रिय बाबल्या,

1 जूनपासून मासेमारीला समुद्र बंद, तेव्हा 31 जुलैपर्यंत बांगड्याचं नाव काढायचं नाही. सध्या आमच्या ताटात धरणाचा कटला येतो. आई नाक मुरडते, "चिखलाचो वास येता." आणि दुसरी तुकडी घेते.

धरणात काय काय मासे आहेत ते वहीत मांडायचं खूळ मी घेतलंय. चार पहाटे होडीतून गेलो. कांडाळ जाळं उचललं की तिलापी, परत तिलापी, मधूनच एखादा कटला नाहीतर रोहू. पाटी दोघांनी उचलावी इतकी जड आणि वहीत नावं पाच! परवा एका तिलापीचा जबडा उघडला, तर आतून मोहरीएवढ्या डोळ्यांची पिल्लं भळाभळा हातावर सांडली. मादी अंडी-पिल्लं तोंडातच सांभाळते, वाहतं पाणी लागतच नाही. 1952 साली भारतात आणलेला हा आफ्रिकेचा मासा धरणात माजणार नाही तर काय? कटला-रोहूला विणीला पुराचं वाहतं पाणी हवं. साचलेल्या पाण्यात ते विणत नाहीत, म्हणून दरवर्षी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणून सोडायची. 1957 मध्ये हिरालाल चौधरींनी इंजेक्शन देऊन हे मासे विणवून दाखवले, तेव्हापासून ही बोटुकली हुकमी मिळू लागली. म्हणजे आम्ही खातो तो कटला धरणाचा नव्हेच, पाहुणा.

आता माझी फजिती. "मळ्ये नाहीत" असं त्या बारीक माशांबद्दल वहीत ठोकून दिलं होतं. काठावर एक म्हातारी जुन्या लुगड्याचा तुकडा पाण्यात धरून बसलेली. म्हणाली, "तुझ्या जाळ्यातसून माझे मळ्ये भायर पडतत रे." जाळ्याचा आस, म्हणजे भोक, एवढा मोठा, बारीक मासा अडकणार कसा! तिच्या कळशीत मळ्ये, खवळे, शेंगटी, सगळे वळवळत होते. पान फाडलं नाही, नुसती काट मारली.

मग तीच मला धरणाच्या भिंतीच्या खाली घेऊन गेली. चढणीचे मासे पहिल्या पावसाला ओढ्यानं वर निघतात ना, ते भिंतीशी येऊन थटतात. जिथे विणीला जायचं तो वरचा मळा आता पाण्याखाली आहे, त्यांना कोण सांगणार. तिथे वीस पावलांत मला वरच्या धरणापेक्षा जास्त जाती दिसल्या, पण प्रत्येकी दोन-चारच.

त्यातला एक मात्र म्हातारीलाही ओळखू आला नाही. बोटाएवढा, अंगावर आडवे पट्टे, तोंडाशी मिशांच्या तीन जोड्या, दगडाखाली दडतो. तुझ्या आजीला विचार ना, याला काय म्हणायचे?

तुझा,
आबा