बिजागरी नको, मोटर पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या नावाजलेल्या रेकॉर्ड प्लेअरच्या नव्या अवतारांवर लेख आला होता. फोटो झकास होते. पण लेखाचा एकूण सूर असा, की ही रेकॉर्डवाली मंडळी म्हणजे हट्टी म्हातारे. कंपनीने काही बदलले तरी ओरडतात, नाही बदलले तरी ओरडतात. मी त्यांच्यातलाच. म्हाताऱ्याबद्दल तक्रार नाही, पण ओरडण्यामागे काही हिशेब असतो. तो लेखात कुठेच आला नाही, म्हणून हे पत्र.

माझी नोकरी परळीच्या औष्णिक वीज केंद्रात, कंट्रोल रूमला. घर अंबाजोगाईत. आमच्या गल्लीत एक संगीत शिक्षक राहायचे. ते पेटी घेऊन माझ्याकडे यायचे आणि रेकॉर्डच्या सोबतीने वाजवत बसायचे. सकाळी आले की सगळे सुरात. दिवेलागणीला आले की तीच रेकॉर्ड, तीच पेटी, आणि काळी एकचे गाणे काळी एक आणि पांढरी एकच्या मधे कुठेतरी लोंबकळायचे. पेटीला मधली पट्टीच नाही, तर वाजवणार काय? "ह्यो तुमचा डबा संध्याकाळी दमतोय बगा," असे म्हणून ते भाता बंद करायचे.

डबा दमत नव्हता, वीज दमत होती. आपल्याकडची वीज ५० सायकलची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तने घेणारी. पण त्या काळात संध्याकाळचा भार चढला की ग्रिड ४८.५ पर्यंत उतरायचे. आम्ही ते समोरच्या मीटरवर बघतच असायचो. थेट मेनवर चालणारी मोटर सायकलच्या मागे धावते. सायकल तीन टक्क्यांनी कमी झाली की मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी रेकॉर्ड ३२⅓ वर येते. पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांतले अंतर साधारण सहा टक्क्यांचे, म्हणजे सूर नेमका दोन्हींच्या मधोमध. मास्तरांचा कान आमच्या मीटरइतकाच पक्का होता. (अमेरिकेहून कोणी हौसेने ६० सायकलवाला डेक आणला, तर तो इथे २८ फेऱ्यांच्याही खाली फिरतो. गायिकेचा गायक व्हायला तेवढे पुरे.)

आता लेखातल्या टेक्निक्स एसएल-१२०० कडे येतो. ही जपानी मशीन १९७२ सालची. हिच्यात रेकॉर्डखालची तबकडी फिरवायला पट्टा नाही, रबरी चाक नाही. तबकडी थेट मोटरच्या आसावर बसते. १९७९ साली तिची दुसरी आवृत्ती आली आणि मोटरचा वेग क्वार्ट्झच्या स्फटिकाला बांधला गेला. म्हणजे मशीन स्वतःचे घड्याळ स्वतःच चालवते. बाहेर ४८ सायकल असोत की ५२, तिला देणेघेणे नाही. मला विचाराल तर खरे रिडिझाइन १९७९ चे. त्याच आवृत्तीत वेग आठ टक्क्यांपर्यंत वर-खाली करायची सरकपट्टी आली आणि जगभरच्या डीजेंनी ती मशीन उचलली. आमच्याकडच्या वरातीतल्या डीजेकडे लॅपटॉप असतो, त्याचा इथे संबंध नाही. हे लोक शेजारी शेजारी दोन मशीन ठेवून, अंधारात, न बघता हात चालवणारे.

२०१० साली कंपनीने ती बंद केली आणि २०१६ मध्ये पुन्हा आणली. तेव्हा जो गदारोळ झाला त्याची आपल्या लेखात थट्टा आहे. पण ओरडणारे दोन गटांतले होते, हे लक्षात घ्या. डीजेंना बाहेरून काहीही बदललेले नको होते, कारण बटण बोटभर सरकले तरी हात चुकतो. कंपनीने ते ऐकले, म्हणून फोटोत जुनी आणि नवी सारखीच दिसते. त्यांचा राग किमतीवर होता. पहिल्या मर्यादित आवृत्तीची किंमत अमेरिकेत ४,००० डॉलर, आणि डीजेला एक घेऊन भागत नाही, दोन लागतात. शिवाय ती जगभरात मिळून फक्त १,२०० नग. जुनी मशीन कामगार माणसाच्या आवाक्यातली होती, हिला दागिन्याचा भाव लावला, हे त्यांचे म्हणणे मला खोटे वाटत नाही. कंपनीचे उत्तरही ऐकण्यासारखे होते: जुने साचे वापरण्याजोगे राहिले नव्हते, सगळे नव्याने करावे लागले. कारखान्यात हयात गेलेल्या माणसाला यातला खर्च कळतो.

दुसरा गट घरी बसून ऐकणाऱ्यांचा. त्यांचा जुना आक्षेप असा, की थेट आसावर मोटर बसवली की मोटरची हालचाल सुईपर्यंत पोचते. मोटर लांब ठेवून पट्ट्याने फिरवणारा प्लेअरच बरा. आक्षेपात तथ्य होते. लोखंडी गाभ्याच्या गुंडाळ्या असल्या की चुंबक एका ध्रुवाकडून दुसऱ्याकडे जाताना किंचित अडखळतो. २०१६ च्या मोटरमधून तो लोखंडी गाभाच काढून टाकला. वरून पाहिले तर काहीही दिसत नाही. "काहीच तर बदलले नाही, मग पैसे कशाचे?" असे म्हणणाऱ्यांनी तबकडी उचलून खाली डोकवायला हवे होते. इथे आमची मंडळी चुकली, हे मान्य.

पण मला सगळ्यात जास्त आनंद झाला तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि तिचा उल्लेख आपल्या लेखातही नाही. नवी मशीन ७८ फेऱ्यांनीही फिरते. १९७९ वाली फक्त ३३ आणि ४५ जाणते. इंग्लंड-अमेरिकेतल्या तरुण डीजेला ७८ शी काय करायचे आहे? इथे मात्र कितीतरी वाड्यांत माळ्यावर ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या जड रेकॉर्डींचे गठ्ठे पडून आहेत. बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर आमच्या घरात आले ते तीन-सव्वातीन मिनिटांच्या त्या बाजूंवरून. त्या लावताना सुई मात्र बदला. लाखेच्या रेकॉर्डची खाच रुंद असते. तिला ७५ मायक्रॉनच्या आसपासचे टोक लागते, एलपीची, म्हणजे ३३⅓ फेऱ्यांच्या रेकॉर्डची सुई १८ च्या आसपासची. बारीक सुई रुंद खाचेत तळाला जाऊन घासते आणि ऐकू येते ती नुसती खरखर.

२०१९ मध्ये एमके-७ नावाची आवृत्ती आली. पहिल्यापेक्षा पुष्कळ स्वस्त. तिच्या मागच्या वायरी काढता-घालता येतात. जुन्यात वायर आतून जोडलेली होती, उंदराने कुरतडली की मशीन उघडून डाग द्यायला बसा. या एका बदलासाठी मी त्या इंजिनिअरला जेवायला बोलवीन. त्याच मशीनमध्ये दिव्याचा रंग लाल हवा की निळा हे निवडायची सोयही आहे. ती कोणासाठी केली देव जाणे.

लेखात ज्याला डोक्यावर घेतले आहे तो स्कॉटलंडच्या लिन कंपनीचा एलपी-१२ मात्र मला वेगळ्या कारणाने मोठा वाटतो. तो १९७३ पासून बनतो आहे, पट्ट्यावर चालतो. २०२३ मध्ये पन्नाशीनिमित्त आयफोनवाले जॉनी आइव्ह यांच्या मंडळींनी त्याला नवे रूप दिले. कडांची गोलाई, बटण, झाकणाची बिजागरी. नग २५०, किंमत ५०,००० पौंड. म्हणजे पन्नास लाखांवर. आमच्या तालुक्यात एवढ्यात शेत येते, विहिरीसकट. बिजागरी सुंदर असेल, मी नाकारत नाही. पण या कंपनीचे खरे काम बिजागरीत नाही. मोटरसाठी स्वतःची ५० सायकल तयार करणारे सर्किट, नवे बेअरिंग, नवी चासी असे जे जे तिने वर्षानुवर्षे काढले, त्यातले बरेचसे जुन्या एलपी-१२ मध्ये बसवून घेता येते. चाळीस वर्षांपूर्वी घेतलेल्या माणसाला "तुमचे मॉडेल बंद झाले" असे ऐकावे लागत नाही.

आमच्याकडे रेकॉर्ड प्लेअर मरतात ते याच वाक्याने. उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर, वर पत्रा असला की एलपीची पुरी होते. काळ्या रानाची धूळ बंद खिडकीतूनही खाचेत येऊन बसते. हे सगळे माणूस सांभाळून घेतो. पण रबरी चाक कडक झाले, पट्टा सैल झाला किंवा सुई झिजली, आणि ती कुठेच मिळेना, की दोन-अडीच हजारांच्या भागापायी आख्खी मशीन भंगारवाल्याच्या गाड्यावर चढते. तेव्हा नवे मॉडेल आले की मी आधी विचारतो, याची सुई दहा वर्षांनी लातूरला किंवा संभाजीनगरला मिळेल का? आपल्या प्रतिनिधीने पुढच्या लेखासाठी कंपन्यांना एवढा एक प्रश्न विचारावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त ऑपरेटर,
अंबाजोगाई, जि. बीड

ता. क. : टेक्निक्सच्या तबकडीच्या कडेवरच्या ठिपक्यांना आपल्या फोटोखाली 'नक्षी' म्हटले आहे. ती नक्षी नाही. चार ओळी आहेत. शेजारच्या दिव्याच्या उजेडात मोठ्या ठिपक्यांची ओळ स्थिर दिसली तर वेग बरोबर. बाकीच्या तीन ओळी अधिक ६, अधिक ३.३ आणि उणे ३.३ टक्क्यांच्या. मास्तरांची पेटी बंद पाडणाऱ्या आमच्या संध्याकाळी या शेवटच्या ओळीच्या जवळपासच्या होत्या. कृपया दुरुस्ती छापावी.