आई-बाबा, आमचं बरं चाललंय, खरंच

प्रिय आई, बाबा,

आई, परवा व्हिडिओ कॉलवर तू चिऊच्या फ्रॉककडे बघत होतीस ते मला दिसलं. तू काही बोलली नाहीस, पण मग बाबांच्या अकाउंटवरून पैसे आले, "बाळासाठी" असं लिहून, आणि पाठोपाठ ताईचा फोन, की आई विचारतेय त्यांचं नीट भागतंय ना. म्हणून हे पत्र. फोनवर सांगायला जावं तर चिऊ फोन ओढते, तिला स्क्रीनवर स्वतःलाच बघायचं असतं, त्यात माझं बोलणं राहूनच जातं.

तर आधी हे सांगते की आमचे हाल वगैरे काही चाललेले नाहीत. तो फ्रॉक विटलाय कारण तो तिला सोडवत नाही, धुवायला काढला की दोरीखाली उभी राहून "वाळला? वाळला?" करत बसते. पैसे आम्ही जपून वापरतोय हे मात्र खरंय. माझी बाळंतपणाची सुट्टी सुरू झाली की पुढचे काही महिने घरात एकाच पगारावर चालणार आहे, आणि नंतरही मी लगेच पूर्ण वेळ जाईन असं वाटत नाही, म्हणून दुसऱ्या बाळाचं कळलं तेव्हापासूनच आम्ही घर एका पगारावर चालवायचं ठरवलं. दुसरा पगार आला की त्याच दिवशी वेगळ्या खात्यात. सुरुवातीला ओढाताण झाली, नेमका इन्शुरन्सचा हप्ता तेव्हाच आला, पण आता बसलंय. आणि बाबा, यात एक फायदा असाय की नंतर जे अडणार आहे ते आत्ताच कळतं, दोघं कमावतोय तोवर, म्हणजे दुरुस्त करायला वेळ आहे. तुम्ही पाठवलेले पैसे पण तिथेच ठेवलेत. परत पाठवले असते तर तुम्ही रागावला असता म्हणून ठेवलेत, आणखी पाठवू नका.

आता खरेदीची यादी. आई तुझी यादी मी वाचली. सगळी.

चिऊच्या वेळी आम्ही जे जे आणलं होतं ना, त्यातलं किती वापरलं गेलं हे मी मधे एकदा माळ्यावरचे खोके खाली काढून बघितलं. काही झबली तर टॅगसकट आहेत. जन्मताना असलेलं वजन साधारण पाच महिन्यांत दुप्पट होतं आणि वर्षात तिप्पट, मग कपडे घालणार कधी, एक धुवून वाळेस्तोवर दुसरा आखूड झालेला असतो. तेव्हा माहीत नव्हतं, आता माहितीये. ते सगळे कपडे मी परत धुतले, तीन-तीन महिन्यांच्या मापाने वेगळे केले, खोक्यांवर मार्करने लिहिलं, आणि हे करताना चिऊ प्रत्येक खोक्यात एकदा बसून बघत होती. एका खोक्यात तिने स्वतःचा एक मोजा "बाळाला" म्हणून टाकलाय, एकच, दुसरा द्यायला तयार नाही. तो मोजा बाळाच्या अख्ख्या पायाला होईल असा आहे. राहू दे म्हटलं.

क्रिब तीच. गादी तपासली, अजून कडक आहे, दाबली तर खड्डा पडत नाही, तेवढं बास. आई, तू ती उशी, बाजूने लावायच्या मऊ पट्ट्या आणि जाड रजईचा जो सेट म्हणतेस तो दिसायला सुरेख आहे, पण बाळाच्या झोपायच्या जागेत यातलं काहीही नको असं डॉक्टर स्पष्ट सांगतात. पहिलं वर्षभर उताणं झोपवायचं, सपाट कडक गादीवर, आजूबाजूला काही नाही. पूर्वी पालथं झोपवायला सांगणारे डॉक्टरही होते, त्यामुळे तुला हे उलटं वाटेल, पण अमेरिकेत १९९४ मध्ये बाळांना उताणं झोपवा अशी मोठी मोहीम झाली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. म्हणजे इथे न घेणं हेच जास्त सुरक्षित. पैसे वाचतात तेच सुरक्षितही, असं क्वचित होतं, म्हणून मी मुद्दाम लिहितेय!

वॉकरचंही तेच. बाबा, मला माहितीये तुम्ही बघून ठेवलाय. कॅनडात २००४ पासून वॉकर विकायलाच बंदी आहे, जिन्यावरून पडून डोक्याला लागायच्या केसेस इतक्या होत्या, आणि वर त्याने मूल लवकर चालतं असंही काही नाही. चिऊ बिनवॉकरची चालली आणि आता थांबत नाही.

खेळण्यांबद्दल तर मी जरा लांबच बोलणार आहे, कारण आपल्या घरी सगळ्यात जास्त पसारा त्याचाच. पाहुणे येतात आणि खेळणी देऊन जातात, प्रेमाने देतात, त्यांना काय बोलणार. पण चिऊसमोर सगळा ढीग असला की ती एक उचलते, टाकते, दुसरं उचलते, टाकते आणि मग माझ्याकडे येऊन "काय करू" म्हणते. मी अर्ध्याहून जास्त खेळणी कपाटात वर ठेवून दिली, महिन्याने अदलाबदल करते, आणि आता जी थोडी बाहेर आहेत त्यांच्याशी ती चांगली खेळते. बाबा तुम्हाला पुरावा लागतो म्हणून सांगते, अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाचा २०१८ मध्ये आलेला अभ्यास आहे, दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा चार खेळणी दिली आणि एकदा सोळा, तर चार असताना प्रत्येक खेळण्याशी जास्त वेळ खेळली आणि जास्त निरनिराळ्या पद्धतीने खेळली. सध्या हिचं सगळ्यात आवडतं काम म्हणजे बाथरूममध्ये दोन मग घेऊन एकातलं पाणी दुसऱ्यात ओतणं. काठोकाठ भरेपर्यंत श्वास रोखून ओतते, सांडलं की स्वतःलाच "अरेरे" म्हणते, आणि परत पहिल्यापासून. अर्धा तास कुठे गेला कळत नाही, आणि फरशी पण धुऊन निघते. नव्या बाळाला तर सुरुवातीला वीस-तीस सेंटीमीटरपलीकडचं नीट दिसतही नाही, म्हणजे पाजताना आपला चेहरा जेवढ्यावर असतो तेवढंच, मग ते टांगायचं फिरणारं खेळणं नेमकं कोणासाठी?

पण सगळं जुनंच वापरायचं असंही नाहीये हां. कार सीट दुसऱ्यांची घ्यायची नाही हे आमचं पक्कं आहे, एका ओळखीच्यांनी देऊ केली होती, गोड बोलून नाही म्हटलं. आधी अपघातात सापडलेली आहे का ते बाहेरून कळत नाही, आणि प्लॅस्टिकलाही वय असतं. चिऊची लहान सीट आमचीच, इतिहास माहितीये, खाली छापलेली मुदत बघितली, अजून आहे, म्हणून ती चालेल. तपासण्या, रक्त, सोनोग्राफी, लोह-फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या यात एकही टाळलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ पासून गरोदरपणात निदान आठ वेळा तपासणी सांगितलीये, माझ्या त्याच हिशोबाने चाललेल्या आहेत. आई, तू हिमोग्लोबिनचं विचारलंस, शेवटच्या तिमाहीत ११ च्या खाली नको असतं, माझं वर आहे. यावेळी बाळाची हालचाल पण लवकर कळायला लागली, दुसऱ्या खेपेला तसं होतं म्हणे. रात्री मी आडवी झाले की याची कवायत सुरू.

नॅपीचं मात्र आमचं दोघांचं भांडण झालं. चिऊच्या कापडी नॅपी चांगल्या अवस्थेत आहेत, तुमच्या जावयाचं म्हणणं पहिल्या दिवसापासून त्याच वापरू, केवढे पैसे वाचतील. मी म्हटलं, नवजात बाळाला दिवसाला दहा-बारा लागू शकतात, मी टाके घेऊन बसलेली असणार, तू ऑफिसला, धुणार कोण? पैसे वाचवायचे आणि ते माझ्या कंबरेतून वसूल करायचे हे मला मान्य नाही. शेवटी असं ठरलं की पहिला महिना सरळ डायपर, नंतर दिवसा कापडी आणि रात्री डायपर, आणि कापडी धुवायचं खातं त्याच्याकडे. त्याने लगेच त्यात पण अभ्यास केला, कपडे मऊ करायचं ते लिक्विड घालायचं नाही कारण त्याने कापड पाणी शोषत नाही, डाग उन्हात टाकले की जातात वगैरे. आता मला शिकवतो.

चिऊचं डायपर सोडवायचं आम्ही मुद्दाम लांबवलंय. दोघांचे डायपर एकदम म्हणजे खर्च आहेच, पण बाळ आल्यावर मोठं मूल शिकलेलं परत विसरतं असं खूपदा होतं, आधीच तिचं जग हलणार त्यात हे आणखी कशाला. पलंग मात्र तिचा आत्ताच बदलला, म्हणजे बाळाने माझी जागा घेतली असं तिला वाटायला नको. दोन रात्री रडली, तिसऱ्या रात्री उतरून आमच्यात येऊन झोपली. चाललंय.

आता एक गोष्ट जी मी तुम्हाला कधी सांगितली नाही. मला ताईचे कपडे घालायला अजिबात आवडायचं नाही. खोटं कशाला बोलू. पैशांचं कळत होतं मला, तुम्ही स्वतःला काहीच घेत नाही हेही दिसायचं, त्यामुळे मी कधी बोलले नाही, पण ताईचा निळा स्वेटर माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या बाह्या दोनदा दुमडाव्या लागायच्या आणि आतल्या बाजूला तिच्या नावाचा दोरा होता तो मी रोज बोटाने उसकटायचे. तक्रार म्हणून नाही लिहित, तुम्ही त्या पगारात दोघींना शिकवलंत ते कसं जमवलंत हे मला आत्ता हिशोबाची वही घेऊन बसल्यावरही कळत नाही. पण धाकटी होते ना मी, त्यामुळे या येणाऱ्या बाळाची बाजू घरात मला एकटीलाच माहितीये. खोकी सगळी त्याचीच, वापरेल ते. पण कळायला लागलं की दर वर्षी एक वस्तू फक्त त्याची, नवी, त्याने स्वतः निवडलेली, मग ती कितीही भडक रंगाची असो. वहीत त्याचा वेगळा कॉलम टाकलाय. जावईबापू म्हणाले बाळ अजून जन्मायचंय आणि तू त्याच्या सात वर्षांनंतरच्या स्वेटरचे पैसे बाजूला काढतेस. हो, काढते.

आई, आता तुमच्याकडून काय हवंय ते सांगते कारण तुम्हाला काहीतरी द्यायचंच आहे हे मला कळतंय. तुम्ही दोघं या. वस्तू नकोत, माणसं हवीत, आणि तारखेच्या दिवशी नको, दोन-तीन आठवडे आधी. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेलाच जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच असतात, आणि चिऊला कोणाशी जुळायला वेळ लागतो, फोनवर ती आजोबा आजोबा करते पण समोर आलात की पहिले दोन दिवस माझ्या पायामागे लपणार हे धरून चाला. आम्ही दोघं हॉस्पिटलमध्ये असू तेव्हा रात्री तिला झोपवणारं माणूस तिच्या ओळखीचं झालेलं हवं. हे काम पैसे देऊन मिळत नाही. बाबा, तुम्हाला दोन मगांचा खेळ शिकवेन मी. आई, तुला गुडघे सांभाळून फक्त माझ्याजवळ बसायचंय, तिला उचलायचं नाही, ती आता जड झालीये, मांडीवर चढवून घे फार तर.

येण्याआधी दोघांनी आपल्या डॉक्टरांना डांग्या खोकल्याच्या बूस्टरचं विचारून घ्या. बाळाची स्वतःची लस सुरू व्हायला काही आठवडे जातात आणि तोवर घरातल्या मोठ्यांकडूनच लागण व्हायची भीती असते, मी माझी इथे घेतलीये. सर्दी-खोकला असेल तर बरं वाटेपर्यंत थांबा, वाईट वाटून घेऊ नका.

आणि बाबा, तुमचा स्क्रूड्रायव्हरचा डबा आणा, क्रिबचे स्क्रू आमच्याकडच्याने घट्ट होत नाहीयेत. चष्मा मात्र जादा आणा, चिऊने मागच्या महिन्यात तिच्या बाबाच्या चष्म्याची एक दांडी काढून ठेवलीये आणि ती कुठे ठेवलीये ते सांगत नाही. तिकीट काढलं की लगेच कळवा.

तुमची,
धाकटी